मागे कोण लागलंय, ते आधी विचारा

मा. संपादक,
स. न.

‘आपल्याच नळाला चार-चार दिवस पाणी नाही, त्यात निर्वासित कशाला?’ अशा आशयाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. पाण्याचं दुखणं खरं आहे, आमच्याही घरी पिंपं भरलेली असतात. पण हा सवाल सोलापूरकरानं तरी जरा जपून करावा.

१९४८ साली निजामाची हद्द इथून काही कोसांवर होती. रझाकारांच्या धाकानं पलीकडची माणसं बैलगाड्या जुंपून, कित्येक तर नेसत्या वस्त्रानिशी इकडे आली. माझी आजी त्यातलीच, नळदुर्गाकडची. पितळेची भांडी पेवात टाकून, वर माती लोटून घरचे रातोरात निघाले आणि बाळीवेशीतल्या एका वाड्यात दोन खणांत राहिले. मालकिणीनं भाड्याची गोष्ट काढली नाही. भाकरी-शेंगाचटणी पुढे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आजीला जात्यावर बसवलं. कागदपत्रं मागितली असती तर आजी काय दाखवणार होती? ती तर निजामाच्या संस्थानची प्रजा.

सप्टेंबरात सोलापुराहून फौजा नळदुर्गाकडे निघाल्या, संस्थान पडलं आणि पळायची पाळी तिकडच्या मुसलमानांवर आली. उस्मानाबाद, गुलबर्गा भागात काय घडलं ते नेहरू सरकारनं चौकशीला पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय. आपल्याकडे ते सहसा कुणी काढत नाही. जात-धर्म बघून दार उघडायचं, तर एकाच वर्षात आपल्याला दोन वेगळे नियम लावावे लागले असते.

घुसखोरांचं काय, असं कुणी विचारेल. रास्त आहे. पोटासाठी चोरून आलेला आणि जीव मुठीत घेऊन आलेला यांना वेगळं करायला चाळणी लागते, तीच आपल्याकडे नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि स्वतःचा निर्वासित कायदाही नाही. १९५९ मध्ये तिबेटींना आसरा दिला, १९७१ मध्ये पूर्व बंगालच्या जवळपास एक कोटी लोकांना. त्यांच्यासाठी आपण टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट डकवत होतो (जुन्या पाकिटांवर अजून सापडतं). पण हे सगळं त्या त्या सरकारच्या मर्जीवर. पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलंय, की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. आणि जेमतेम ११ लाख वस्तीच्या मिझोरामनं, केंद्र ‘परत पाठवा’ म्हणत असताना, २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या तीस हजारांहून अधिक चिन जमातीच्या लोकांना ठेवून घेतलं. तिथं सगळी सुबत्ता आहे अशातला भाग नाही.

निर्वासितांना आश्रय देण्याबाबतचं एक खासगी विधेयक २०२२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. सभागृहाची मुदत संपली, ते बारगळलं. अर्जाची छाननी कोण करणार, किती दिवसांत, तोवर त्या माणसाला काम करता येईल का, एवढं तरी कायद्यात यायला हवं. आपल्या खासदारांनी यावर संसदेत तोंड उघडावं. मतं मागायला दारात येतील तेव्हा मी तरी पाण्याबरोबर हेही विचारणार आहे.

आपला,
एक वाचक, सोलापूर