प्राणी निवाऱ्याला मंगळवारीही माणसं लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भटक्या कुत्र्यांवरून आपल्या पत्रांच्या सदरात बरीच हातघाई चालते. पण निवारा केंद्रातलं रोजचं काम करायचं कुणी, हा प्रश्न त्यात येत नाही. मी इंदिरानगरचा पेन्शनर. शहराबाहेरच्या एका केंद्रात नेमाने जातो. रविवारी तिथं उभं राहायला जागा नसते. कॉलेज रोडची मुलं येतात, पिल्लं मांडीवर घेऊन फोटो काढतात, कुणी वाढदिवसाचा बिस्किटांचा खोका आणतं. त्यांची माया खोटी नाही. मंगळवारी मात्र पिंजरे धुवायला पगारी दोघे आणि आमच्यासारखे चार म्हातारे!

पिंजरे धुणं हे बिनडोक काम नव्हे. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू साध्या साबणाला दाद देत नाही, जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलांबरोबर फिरतो. आधी घाण खरवडायची, मग ब्लीचचं पाणी मारून काही मिनिटं तसंच राहू द्यायचं. लस न झालेली पिल्लं रविवारी हातोहात फिरतात, ती याच कारणाने थांबायला हवीत. आणि काळं फिनाईल मांजरांना विषारी असतं, तरी देणगीत सर्वांत जास्त येतं ते तेच.

प्राण्याला हात न लावताही पुष्कळ करता येतं. फोनवर बसणारा माणूस हवा. ‘कुत्रं पडलंय, लवकर या’ एवढं सांगून लोक फोन ठेवतात. त्यांच्याकडून खूण, फोटो, गाडी येईपर्यंत थांबायचं आश्वासन काढावं लागतं. सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी केलेलं कुत्रं सहसा जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. मग नोंदवहीत नुसतं ‘पंचवटी’ लिहून कसं भागेल? गल्ली हवी, जवळचं देऊळ हवं. बँकेत आणि कचेऱ्यांत जन्म घालवलेल्यांना हे काम डाव्या हाताचं आहे. डोळे न उघडलेली मांजराची पिल्लं घरी सांभाळणारेही हवेत. त्यांना रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं आणि गाईच्या दुधाने जुलाब होतात. संक्रांतीला तर बंदी असलेल्या नायलॉन मांजाने पंख कापलेले पक्षी येतात, ते पतंग उतरल्यावरही कितीतरी दिवस सांभाळावे लागतात.

केंद्रवालेही काही कमी नाहीत. नवख्याच्या हातात पट्टा देतात आणि निघून जातात. कुत्र्यांत वावरणाऱ्याने रेबीजची लस आधीच घ्यावी, चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवून लगेच दवाखाना गाठावा, हे पहिल्या दिवशी सांगितलंच पाहिजे.

आपण रक्तदान शिबिरांच्या सूचना छापता. तशाच एका चौकटीत दर आठवड्याला कुठल्या केंद्राला, कोणत्या वारी, किती वाजता, कशासाठी माणसं हवीत, एवढं छापाल का? मजकूर गोळा करून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक