फीनिक्सच्या दादांचे जाहीर आभार

आदरणीय दादा,

शिकागोत बसून फीनिक्समधली जुनी मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घ्यायची, म्हणजे सुमारे १,७५० मैलांवरून फोटोंवर भरवसा ठेवायचा. तुम्ही तो ठेवू दिला नाहीत, म्हणून हे पत्र. जाहीर लिहितोय, कारण तुम्ही केलंत ते लांबून गाडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

विक्रेत्याने सुचवलेला माणूस नाकारून तुम्ही नॅशनल आरव्ही इन्स्पेक्टर्स असोसिएशनचा (आरव्ही म्हणजे अशा राहत्या गाड्या) प्रमाणित इन्स्पेक्टर ठरवलात. त्याचा मुख्य भर छप्पर, पाणी, गॅस, वीज यांवर असतो, म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकसाठी मेकॅनिक वेगळा बोलावलात. पण सगळ्यात मोलाची ठरली आदल्या दिवशीची तयारी. गॅसवरचा फ्रीज गार व्हायला कित्येक तास लागतात. तो ऐन वेळी सुरू केला तर अहवालात ‘तपासता आला नाही’ एवढंच येतं. तुम्ही गाडी लेव्हलला उभी करून तो आदल्या संध्याकाळीच सुरू करायला लावलात. प्रोपेन गॅस भरून घेतलात, ३० अँपिअरचं कनेक्शन आणि पाण्याचा नळ जवळ आहे ना, हे पाहिलंत, छपरावर चढायची परवानगी आधीच मिळवलीत.

फीनिक्स ज्या राज्यात आहे त्या ॲरिझोनाची गाडी म्हटली की गंज नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. तिथलं ऊन मात्र रबर आणि सीलंट खातं. तुम्ही मागून घेतलेले दोन फोटो अजून डोळ्यांसमोर आहेत. एकात छपरावरच्या व्हेंटभोवतीचं (हवेच्या झरोक्याभोवतीचं) सीलंट तडकून उचललेलं, शेजारी मापासाठी ठेवलेलं नाणं. दुसऱ्यात टायरवर कोरलेल्या डॉट क्रमांकाचे, म्हणजे ओळख क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे: २३१६, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. खाचा अगदी नव्यासारख्या, रबर मात्र जुनं. तारखेसह पूर्ण क्रमांक बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतो. मागच्या जोडचाकांचा वाचायला इन्स्पेक्टरला गाडीखाली शिरावं लागलं, आणि तुम्ही त्याला शिरायला लावलंत!

ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बंकच्या (झोपायच्या जागेच्या) कोपऱ्यांत ओल मोजणारं मॉइश्चर मीटर लावायलाही तुम्हीच सांगितलंत. असा बंक असलेल्या क्लास सी गाडीत पुढच्या मार्कर दिव्यांच्या (वरच्या छोट्या खुणेच्या दिव्यांच्या) भोकांतून पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड पार कुजेपर्यंत वरून काही कळत नाही. गॅसची गळती नुसत्या वासावर न सोडता मॅनोमीटर (दाबमापक) लावून ३ मिनिटं दाब उतरतो का ते बघितलं गेलं. फ्रीजमागचं झाकण उघडून पिवळी पूड आणि अमोनियाचा वास या फ्रीज गळत असल्याच्या खुणा नाहीत, याची खात्री झाली. जनरेटर एसी लावून, लोडवर चालवला.

तपासणीत घेतलेल्या ऑइलच्या नमुन्यांचे निकाल लॅबमधून यायला काही दिवस जातात. करारात तपासणीची मुदत होती तीन दिवसांची. ती अहवाल येईपर्यंत वाढवून घेणं आणि डिपॉझिट परत मिळण्याची अट लेखी घालून घेणं आम्हाला सुचलं नसतं. त्या मुदतीतच सहाही टायर आणि छपराच्या सीलंटचे पैसे किमतीतून वजा झाले.

आता नवे टायर घेतानाही ते चार आकडे वाचूनच घेऊ. दुकानात पडून राहिलेला टायरही नवा म्हणूनच विकला जातो. गाडी न्यायला येऊ तेव्हा आधी तुमच्या घरी.

आपले ऋणी,
शिकागोचे आम्ही दोघे