अवकाशयुद्ध काढताना डावे-उजवे सांभाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञानकथांवर फॅन कॉमिक काढणारी मुले हल्ली थेट संगणकावरच बसतात. यान सुबक उतरते, पण लढाई कळत नाही. कोण कोणावर चालून गेले, हेच वाचकाला उमगत नाही. हा दोष पेन्सिलीनेच दूर होतो, तोही काडेपेटीएवढ्या कच्च्या आराखड्यात.

आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून चाल करणाऱ्याचे तोंड उजवीकडे ठेवावे आणि पानभर ते बदलू नये. बदलायचेच असेल, तर मध्ये यान थेट वाचकाकडे येतानाची एक चौकट द्यावी. पहिली चौकट जवळजवळ अर्धे पान घेऊ द्या. सूर्य कुठे, ग्रह कुठे, दोन्ही ताफे कुठे, हे तिथेच उरकते. तपशील पुढच्या दोन-तीन यानांनाच द्यावा. बाकीची नुसत्या आकृत्या म्हणून पुरतात.

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकाशासाठी एकच ‘सन’, म्हणजे सूर्यासारखा, दिवा लावावा. नव्या फाइलमधला ‘वर्ल्ड’चा, म्हणजे भोवतालच्या पार्श्वभूमीचा, रंग मुळात करडा असतो. तो काळा केला नाही, तर सावल्या उजळतात आणि यान दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यासारखे दिसते. ग्रह जवळ असेल, तर त्या बाजूने मंद उजेड द्यावा. फ्रीस्टाइलच्या, म्हणजे ब्लेंडरमधल्या कडा रेखणाऱ्या सोयीच्या, रेषांची जाडी ‘अॅब्सोल्यूट’वर ठेवली, की ती पिक्सेलमध्ये मोजली जाते. म्हणजे चित्राचे पिक्सेल दुप्पट केले, तर त्याच मापात छापताना रेषा निम्म्याने बारीक होते. 300 डीपीआयला (दर इंचात 300 पिक्सेल) 3 पिक्सेल म्हणजे पाव मिलिमीटर. त्याखाली जाऊ नये.

ताऱ्यांचा सडा मात्र आवरावा. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते आणि बारीक पांढरे ठिपके गिळून टाकते, त्यामुळे 4 पिक्सेलपेक्षा लहान तारा काढण्यात अर्थ नाही. उन्हात झळकणाऱ्या यानामागे तारे नसले तरी बिघडत नाही. 1969 मध्ये चंद्रावर काढलेल्या फोटोंतही आकाश काळेच आहे, कारण कॅमेरा उजळ पृष्ठभागाला जुळवलेला होता. आणि ‘धडाम्’ हे अक्षर यानाच्या आतल्या चौकटीत शोभते. बाहेर हवाच नाही. स्फोटही वर चढणाऱ्या धुराचा नको, चहूबाजूंना सारखा पसरणारा हवा.

सगळ्यात जास्त पाने काळ्या रंगावर फसतात. नुसती काळी शाई राखाडी दिसते, म्हणून मुले छपाईचे चारही रंग शंभर टक्के भरतात. चारशे टक्के शाई वर्तमानपत्री कागदावर वाळत नाही, मागच्या पानाला लागते. निळा 60, किरमिजी 40, पिवळा 40, काळा 100, अशी बेरीज 240 वर थांबवावी. या काळ्यावर पांढरी बारीक अक्षरे टाकू नयेत. रंगांच्या प्लेटा केसभर सरकल्या तरी काने-मात्रे रंगीत होतात. फुगा पांढराच ठेवून अक्षरे नुसत्या काळ्या शाईत घ्यावीत. वेलांट्या-रफारांसाठी दोन ओळींत जागा थोडी जास्त सोडावी. लेझरचा पडद्यावरचा झगझगीत निळा छपाईत मळकट होतो, म्हणून क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये पान सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या या चार रंगांत, आणून तो आधीच पाहून घ्यावा.

आपल्या पुरवणीसाठी चित्रे मागवताना पानाचे माप, डीपीआय, कडेचे 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) आणि शाईची मर्यादा आवाहनातच छापावी, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे