मिस्त्रीकाका, तुमची गिटार अजून वाजायलीय

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "जा, चहा सांगून ये" म्हणता आणि विषय संपवता. म्हणून हे उघडं पत्र. तुमचं नाव किंवा दुकानाचा पत्ता लिहीत नाही. परभणीत ज्याच्या घरचा टीव्ही कधीकाळी बिघडला होता, त्याला कुणाबद्दल लिहिलंय ते कळेलच.

अण्णांनी सोयाबीनच्या पैशातून मला सेकंडहँड यामाहा पॅसिफिका ११२ व्ही ही इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली, तेव्हा आमच्या घरात यामाहा म्हणजे मोटारसायकल एवढंच माहीत होतं. तुम्हीही हेडवरचं नाव वाचून विचारलंत, "गाडीवाली कंपनी गिटार पण करती व्हय?" नंतर मी वाचलं की या कंपनीची सुरुवातच एका दुरुस्तीतून झाली. १८८७ साली जपानच्या हमामात्सू गावातल्या शाळेचा बिघडलेला रीड ऑर्गन (पेटीच्या जातीचं वाद्य) तोराकुसू यामाहांकडे दुरुस्तीला आला, आणि तो खोलून बघता बघता त्यांनी स्वतःचा ऑर्गन बनवला. म्हणजे मूळ माणूस मिस्त्रीच. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही सोल्डरिंगवरून नजरही न उचलता "असणारच" म्हणालात.

आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार एकच. एका सुपारीत आधी साठच्या दशकातलं हळुवार सिनेगीत, त्यामागं भीमगीत, मग लावणी आणि शेवटी पोरांची धांगडधिंग्याची फर्माईश. एवढ्या सगळ्याला वेगवेगळ्या गिटारी कोण आणणार? म्हणून ही घेतली होती. तारा अंगावर जिथं टेकतात त्या ब्रिजजवळ हंबकर, म्हणजे आवाज उचलणारा दोन कॉइलींचा पिकअप, पुढं दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलीचे पिकअप, त्यातून निवडायला पाच खटक्यांचा स्विच, आणि टोनचं बटण वर ओढलं की हंबकरची एकच कॉइल चालू राहते. कागदावर सगळं ठीक होतं. मांडवात मात्र सिंगल कॉइलवर आलो की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू व्हायचं, आणि लाइटवाल्यानं डिमर फिरवला की त्याचाही वेगळा सूर लागायचा. एका जाणत्या वादकानं सल्ला दिला की ही विकून अमेरिकन घे. तुम्ही म्हणालात, "बाबू, आधी हिची अर्थिंग बघू. मग अमेरिकेला जा."

गिटार तुम्ही जन्मात वाजवली नव्हती. पण प्लेट उघडली आणि पाच मिनिटांत मला सगळं समजावलंत. कॉइल म्हणजे कॉइल, ती तारेचा आवाज उचलते तशी लाइटची पन्नास हर्ट्झची गुणगुणही उचलते. हंबकरमध्ये दोन कॉइली उलटसुलट जोडलेल्या, चुंबकही एकमेकांच्या उलटे. त्यामुळं बाहेरची गुणगुण एकमेकीला खाऊन टाकते आणि तारेचा आवाज तेवढा राहतो. इतक्या साध्या भाषेत हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. ब्रिजकडं जाणारी अर्थची वायर सुटलेली होती, ती तुम्ही जोडलीत. आतल्या खाचेला तांब्याची पट्टी चिकटवून तीही अर्थला जोडलीत. सिंगल कॉइलची गुणगुण पूर्ण गेली नाही, जाणारही नव्हती, पण गाण्याच्या खाली गेली. तेवढं बास होतं.

गायक मंडळी सूर सांगताना पेटीच्या काळ्या पट्टीवरून "काळी एक" किंवा "काळी चार" म्हणून मोकळी होतात. पेटीवाल्याला त्याचं काही नाही. गिटारच्या मोकळ्या तारा मात्र काळीत बसत नाहीत, म्हणून रात्रभर पहिल्या बोटाची पट्टी दाबून बार कॉर्ड. त्यात पावसाळ्यात नेक, म्हणजे गिटारची मान, दमट हवेनं पुढं वाकायची, तारा उंच व्हायच्या, आणि दोन तासांत मनगट भरून यायचं. उन्हाळ्यात उलटं: लाकूड सुकून आकसायचं, फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन तळव्याला ओरखडायची. तुम्ही नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव-पाव वळसाच फिरवायचा, मग रात्रभर नेकला बसू द्यायचं, घाई करायची नाही, हे शिकवलंत. फ्रेटची टोकं कानशीनं घासलीत, वर मलाच बोट फिरवायला लावलंत. आता मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर ते काम मी घरीच करतो.

ब्रिजचं तर सांगायलाच हवं. स्प्रिंगांवर तरंगता ब्रिज दिसायला भारी, पण भर कार्यक्रमात एक तार तुटली की बाकीच्या पाचही चढतात आणि सगळी गिटार बेसूर होते. ऑर्केस्ट्रात थांबून ट्यून करायला कोण देतंय? तुम्ही मागचं झाकण काढून जास्तीच्या स्प्रिंगा टाकल्यात, स्क्रू आवळलेत आणि ब्रिज अंगाला टेकवून ठेवलात. ब्रिजची दांडी वर ओढून सूर चढवायची सोय गेली. मला ती कधी लागलीही नव्हती. गंगाखेडच्या जयंतीच्या कार्यक्रमात पहिलीच तार तुटली आणि मी उरलेल्या पाचांवर गाणं पूर्ण केलं. समोरच्यांना पत्ताही लागला नाही. पेटीवाल्याला लागला, तो हसला.

पण काका, हे सगळं एकीकडे आणि तो अर्थिंगचा डबा एकीकडे. त्या काळी मी गातही असे, आणि माईकला ओठ लागला की झिणझिण व्हायचं. सगळेच म्हणायचे, मांडवात असं चालतंच. काही ठिकाणी तर गुणगुण कमी करायला प्लगची अर्थची पिन काढून टाकलेली असायची. तुम्ही हे ऐकलंत आणि पहिल्यांदाच माझ्यावर डाफरलात. "गुणगुणीनं कुणी मरत नाही, पोरा. करंटनं मरतंय." मग तुम्ही आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की तीस मिलिअँपिअरला तुटणारा स्विच, बसवलेला एक्स्टेंशन बोर्ड करून दिलात आणि स्टेजवर चढण्याआधी मीटरचं एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माईकच्या जाळीला लावून बघायची सवय लावलीत. काटा हलला तर गिटार बॅगेत. अशा दोन-तीन जागी मी खरंच वाजवायला नकार दिला. आयोजक चिडले, पण जनरेटरवाल्यानं सळई ठोकून अर्थिंग नीट केलं की मग कार्यक्रम सुरू व्हायचा. आता आमचा ऑक्टोपॅडवाला आणि निवेदिकासुद्धा माझ्या मीटरची वाट बघतात.

गिटार अजून तीच आहे. आता पैसे आहेत, दुसरी घेता येईल, पण एवढ्या कामाला लागलेली गिटार बदलायचं कारण सापडत नाही. दुकानातल्या काचेमागच्या गिटारी बघितल्या की मी आधी मागचं झाकण उघडून बघायला मागतो. दुकानदाराला ते आवडत नाही.

कामाचे पैसे तुम्ही कधी नीट घेतले नाहीत. तांब्याच्या पट्टीचे तेवढे घेतलेत, तेही मी हट्ट केला म्हणून. यावेळी मात्र घ्यावे लागतील, कारण एकटा येत नाहीय. सेलूची दोन पोरं नवीन गिटार घेऊन सोबत येतायत, दोघांच्याही गिटारी घूंऽऽ करायल्यात. माझ्या व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या पॉटला पण खरखर लागलीय, तोही बघा. घटस्थापनेच्या आधीचा कुठलाही दिवस चालेल. नंतर आम्ही रोज तुळजापूरच्या रस्त्याला असू. चहा मीच सांगून येईन.

तुमचा,
ऑर्केस्ट्रातला गिटारवाला