घाटात बटण शोधायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शनिवार पुरवणीतील नव्या मोटारींवरचा लेख वाचला. स्क्रीन किती इंची आहे, तिच्यावर नकाशा किती सुबक दिसतो आणि गाणी किती झटकन लागतात, याचे लेखकाने भरभरून वर्णन केले आहे. शेवटी, बटणे गेल्याची हळहळ फक्त ‘जुन्या वळणाच्या’ चालकांना वाटेल, असा शेराही मारला आहे. मी त्या वळणातली. वय ६३, गाडी १९९१ पासून चालवते आणि लेखात वाखाणलेल्या गाडीसारखीच एक गाडी दीड वर्षापासून आमच्या दारात उभी आहे.

गेल्या जुलैत कराडहून बहिणीकडे चिपळूणला निघालो होतो. मी चालवत होते, यजमान शेजारी होते. हेळवाक मागे पडले आणि धुके असे दाटले की पुढच्या ट्रकचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता. कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि काच आतून धूसर झाली. पावसात काचा बंद केल्या की श्वासातली वाफ थंड काचेवर धरते. त्यावर उपाय ठरलेला आहे : एसी लावायचा, वारा समोरच्या काचेवर सोडायचा आणि आतलीच हवा फिरत असेल तर बाहेरची घ्यायची. जुन्या गाडीत हे काम माझा डावा हात एकट्याने करत असे. गोल नॉब उजवीकडे शेवटपर्यंत फिरवला की तो ‘खट्’ करून थांबे आणि काम झाल्याचे बोटांना कळे.

नव्या गाडीत नॉब नाही. स्क्रीनवर एका कोपऱ्यात पंख्याचे चित्र आहे, ते दाबले की दुसरे पान उघडते आणि त्या पानावर माणसाची बसलेली आकृती व तिच्याभोवती बाण असतात. त्यांतला नेमका बाण दाबायचा, तोही हलत्या गाडीत, काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर. माझा चष्मा लांबचा, त्यातून रस्ता दिसतो पण ते बाण दिसत नाहीत. म्हणून मी यजमानांना सांगितले. त्यांनी स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनवर वाकले आणि बोट टेकवणार तेवढ्यात फोन आला. फोन गाडीला जोडलेला असल्यामुळे पंखा, माणूस, बाण सगळे गेले आणि स्क्रीनभर एक अनोळखी नंबर झळकू लागला. कर्ज हवे आहे का, हे विचारण्यासाठी एक ताई फोन करत होत्या. ताशी ३० किलोमीटरनेही गाडी सेकंदाला आठ मीटर पुढे जाते. आमची खटपट पाच-सहा सेकंद चालली असेल, म्हणजे चार एसटी गाड्यांच्या लांबीएवढा घाट मी अंदाजाने उतरले.

खरेदीच्या वेळी शोरूममधल्या मुलाला मी बटणांशिवाय हे कसे जमायचे, असे विचारले होते. ‘काकू, दोन दिवसांत हाताला सवय होते’, असे तो म्हणाला. सवय हाताला होते, पण ज्याला उंचवटा नाही, कड नाही, खटका नाही, त्याची सवय हाताने कशी करायची, हे त्याला ठाऊक नव्हते आणि आपल्या लेखकानेही सांगितलेले नाही. स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मोटारींवरच्या नियतकालिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने काही गाड्यांची चाचणी घेतली आणि चालकांना गाडी समजून घ्यायला आधी वेळही दिला. बटणे असलेल्या २००५ च्या व्होल्वोत चार साधी कामे १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये झाली, तर सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीत तीच कामे उरकायला जवळजवळ ४५ सेकंद आणि १,३७२ मीटर लागले. हे सगळे चालक ‘जुन्या वळणाचे’ असावेत.

कंपन्यांना हे कळत नाही असे नाही. एक स्क्रीन बसवली की बटणांचे साचे, वायरी आणि जुळणी यांचा खर्च वाचतो, मग त्यालाच ‘प्रीमियम’ म्हणायचे. गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या युरोपातील ‘युरो एनकॅप’ या संस्थेने मात्र जानेवारी २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीचा कॉल यांसाठी हाताला लागणारी स्वतंत्र बटणे किंवा दांड्या असाव्यात, अशी अट घातली आहे. काचेवरची वाफ घालवणारे बटण त्या यादीत नाही, बहुधा यादी करणाऱ्यांना आषाढात कुंभार्ली उतरावा लागत नसेल. आपल्याकडे २०२३ पासून भारत एनकॅप या तशाच योजनेचे तारे मिळतात, परंतु ते मुख्यतः धडक झाल्यावर माणूस कितपत वाचतो याचे आहेत. पुरवणीतील लेखात त्या ताऱ्यांवर अर्धा रकाना आहे आणि समोरच्या पानावर, योगायोगानेच म्हणायचे, त्याच गाडीची पानभर जाहिरात आहे.

आपल्या परीक्षकांनी पुढच्या वेळी गाडी मागून घ्यावी ती पावसाळ्यात घ्यावी आणि घाटात, रस्त्यावरची नजर न हटवता, काचेवर वारा सोडून दाखवावा. किती सेकंद लागले ते इंचांच्या शेजारी छापावे, एवढीच विनंती.

त्या दिवशी शेवटी वाहन कडेला घेऊन, मागच्या सीटवर पडलेला आपला अंक चुरगाळून यजमानांनी काच पुसली, त्याबद्दल आभार मानायला हवेत. मात्र मुख्य अंकाचा कागद पाणी टिपतो, पुरवणीचा चकचकीत कागद ते नुसते पसरवतो. शिवाय त्या पुरवणीत राखाडी पानावर पांढरी बारीक अक्षरे छापण्याची जी नवी पद्धत सुरू झाली आहे, ती वाचताना मलाही आता चष्मा कपाळावर सरकवावा लागतो. मोटार कंपन्या माझे ऐकणार नाहीत, पण पुरवणी साध्या कागदावर, काळ्या अक्षरांत छापणे आपल्या हाती आहे.

आपली,
एक वाचक, कराड