कंडक्टर अप्पांस, चोपड्याहून

अप्पा, रामराम.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय. शनिवारी डायलिसिसला जाताना गाडीत ती हे वाचून दाखवेल. कौतुकाची ओळ आली की तुम्ही "पुढे चला, पुढे चला" करणार, एसटीतली सवय आहे ती. तिला म्हटलंय, आजोबांचं ऐकू नको, एकही ओळ गाळू नको.

गेल्या वर्षीचा मे महिना. आईच्या पायाला सूज होती, तोंडाची चव गेली होती. साखर चौदा वर्षांची, त्यात बीपी. आम्हाला वाटलं ऊन लागलं. चोपड्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती थकलीय ते सांगणारा आकडा, आलं 3.8. त्या दिवसापर्यंत हा शब्द मी नीट उच्चारलाही नव्हता. संध्याकाळपर्यंत घरात तो सगळ्यांना पाठ झाला.

मग सुरू झाले सल्ले. सुरतचा मामा म्हणाला, इकडे घेऊन ये. काका म्हणाले, नाशिकशिवाय इलाज नाही. मेहुण्याला पुणं. प्रत्येकाकडे एक डॉक्टर होता आणि प्रत्येक डॉक्टर "एक नंबर" होता. आपल्या जिल्ह्यात कोणी असेल हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. खान्देशात मोठा आजार म्हणजे मोठी गाडी, हे आपण ठरवूनच टाकलंय.

तरी मी जळगाव धरलं, कारण आईला विदगावचा पूल ओलांडेपर्यंतच दोनदा उलटी झाली, पुढचा प्रवास तिला झेपला नसता. बोर्डावर किडनीचं चित्र पाहिलं आणि आत शिरलो. तीन तासांनी नंबर लागला. ते डॉक्टर भले होते. सोनोग्राफी पाहून म्हणाले, "मुतखडा नाही, अडथळा नाही, हे माझं काम नाही." मी ऑपरेशन करणाऱ्याकडे आलो होतो हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या ठिकाणी, नाव घेत नाही, मानेत नळी टाकून आज रात्रीच डायलिसिस सुरू करू म्हणाले आणि डिपॉझिटचा आकडा सांगितला. आकड्याचं एवढं नाही, पण "आता हे कायमचं" असं ते आईच्या समोर म्हणाले. ती तेव्हापासून बोलेना.

तिला बाकड्यावर बसवून मी बाहेर चहाच्या टपरीवर आलो. तिथे तुम्ही भेटलात. पांढरा सदरा, डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, हातावर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी. त्याखाली दोरखंडासारखी फुगलेली शीर. मी बघतच राहिलो, आणि तुम्ही माझ्या हातातल्या कागदाकडे.

"कोणना रिपोर्ट शे, भो?"

मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "रडू नको. पहिले च्या पी." स्वतःसाठी मात्र तुम्ही अर्ध्यात अर्धा सांगितलात. पाण्याचा हिशोब तुमच्या बोटांवर असतो हे मला नंतर कळलं. धाप लागते का, लघवी होते का, पोटॅशियम किती, हे तुम्ही असं विचारलंत जसं कोणी तिकीट कुठलं विचारतं. पोटॅशियम 5.4 होतं, जरा चढलेलं. "घरी बसू नको, पण घाबरूही नको. आजच दाखवायचं, फक्त योग्य माणसाला."

त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत ते मी गेल्या वर्षभरात निदान वीस जणांना ऐकवलंय. पहिलं, बोर्ड वाचायला शिक. एमएस आणि एमसीएच म्हणजे कापणारा, मुतखडा-प्रोस्टेटवाला. एमडी करून वर डीएम किंवा डीएनबी नेफ्रोलॉजी, तो औषधाने किडनी चालवणारा. दुसरं, तो इथला आहे की महिन्यातून एकदा मुंबईहून येतो? येणारा हुशार असेल, पण रात्री दोनला दम लागला तर कोणाला फोन करशील? आणि तिसरं. त्यासाठी तुम्ही खिशातून ती छोटी वही काढलीत. सहा वर्षं आठवड्यातून दोनदा चार-चार तास पडून राहिलात, तेव्हा शेजारच्या बेडवरच्या प्रत्येकाला विचारत गेलात: आधी कोणाकडे होतास, किती वर्षं, डायलिसिसपर्यंत कसा आलास? वे-बिल भरावं तसं सगळं रकान्यात. मग म्हणालात, "डायलिसिसच्या खोलीत ज्याचे पेशंट जास्त, तो मोठा डॉक्टर असं लोक म्हणतात. मी उलटं मोजतो. ज्याचे पेशंट दहा वर्षं झाली तरी या खोलीत आलेच नाहीत, त्याच्याकडे जा."

अशा माणसाचं नाव तुम्हाला कसं कळलं, कारण ते पेशंट तर त्या खोलीत नसतात? हे मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. डायलिसिसच्या टेक्निशियनला आणि सिस्टरला विचारलंत म्हणे. त्यांच्या घरचं कोणी आजारी पडलं तर ते कोणाकडे नेतात, एवढंच.

तुम्ही फोन लावलात आणि रात्री साडेआठला आईचा नंबर लागला.

डॉक्टरांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. साध्या गल्लीतली ओपीडी, लिफ्टही नाही. त्यांनी आधी रिपोर्ट पाहिलाच नाही. आईचे पाय दाबून पाहिले, छाती तपासली, आणि म्हणाले, "औषधांची पिशवी आणलीय ना? टेबलावर ओता." साखरेच्या गोळ्या, बीपीची गोळी, मलम, वर्तमानपत्रात बांधलेली कसलीशी पुडी, आणि वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं. एका पाकिटात दहापैकी तीनच उरलेल्या. डॉक्टरांनी ते पाकीट उचलून दिव्याकडे धरलं.

"या कधीपासून?"

"आता हे कायमचं" ऐकल्यापासून आई पहिल्यांदा बोलली. "केळी कापणी लागनी तवयपासून. गुडघा दुखतस ना."

रोज दोन गोळ्या. त्यात आठवड्यापूर्वी जुलाब झालेले, बाहेर 45 अंश, आणि बीपीची गोळी चालूच. साखरेने आधीच थकलेल्या किडनीला या सगळ्यांमुळे मिळून रक्त कमी पडलं, असं त्यांनी मला कागदावर नळ आणि टाकी काढून समजावलं. क्रिएटिनिनच्या एका आकड्यावर डायलिसिस ठरत नाही. फुप्फुसात पाणी नाही, लघवी होतेय, पोटॅशियम आवरण्यासारखं आहे, तर आज नाही. पण रोज रक्त तपासायचं आणि उद्या चित्र बदललं तर माझाही शब्द बदलेल, हेही स्पष्ट सांगितलं. मला तो माणूस तिथेच पटला. खोटा धीर दिला असता तर पटला नसता.

चार दिवस ठेवलं. वेदनाशामक बंद, पुडी बंद, बीपीचं औषध बदललं. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन 2.6. आज चौदा महिन्यांनी 2.9 आहे. किडनी बरी झालेली नाही, गेलेलं परत येत नाही हे आम्हाला माहीत आहे. साधारण अठरा टक्के काम चालू आहे आणि आई त्यावर शेतात चक्कर मारते.

पथ्याचं मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. केळीवाल्याच्या घरात केळी बंद! आहारवाल्या ताईंनी पोटॅशियम जास्त असलेल्या पदार्थांची यादी वाचली तेव्हा आई म्हणाली, "घरच्या बागेने काय पाप केलं?" बिबडे, आपले ज्वारीचे पापड, गेले, कारण मीठ आणि पापडखार दोन्हींत सोडियम. लोणचं गेलं. बटाटा चिरून, भिजत ठेवून, उकडून पाणी ओतून द्यायचं. शेजारच्या काकूंनी मायेने कमी सोडियमवालं मीठ आणून दिलं होतं. मी तुम्हाला सहज फोनवर बोललो आणि तुम्ही ओरडलात, "फेक ते! त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलेलं असतं." डॉक्टरांनीही पुढच्या वेळी तेच सांगितलं. रेशनकार्ड आणि आधारची प्रत फाईलला लावून ठेव, पुढे डायलिसिस लागलं तर सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत होतं, हेही तुमचंच. लावून ठेवलंय.

फाईलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलंय, "डावा हात राखून ठेवा." त्या हाताला सलाईन नाही, सुई नाही. उद्या फिस्टुला करायची, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातातली शीर रोहिणीला जोडायची वेळ आली तर शीर चांगली हवी, आणि ती तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात म्हणून आधीच ठरवायचं. आई हे ऐकून घाबरली होती. दिवाळीनंतर तुम्ही घरी आलात, बाही वर केलीत आणि तिचा तळहात आपल्या हातावर ठेवलात. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "मझार गिरणी चालू शे वो अप्पा!" आत गिरणी फिरावी तशी ती शीर हाताला थरथरत होती. त्या दिवसापासून तिची भीती निम्मी झाली. निम्मी आहे अजून, खोटं कशाला सांगू.

आता तुम्हाला काय पाठवावं यावर आमच्याकडे पंधरा दिवस खल चालला. केळी चालत नाहीत. बिबडे चालत नाहीत. चहाला बोलवावं तर तुम्ही दोन घोट घेणार. शेवटी आईनेच काढलं. तुम्ही एकदा म्हणाला होतात, बाहेर मे महिना पेटलेला असतो आणि मशीनवर पडलं की आत मला हुडहुडी भरते. तिने तिची दोन जुनी लुगडी काढून गोधडी शिवलीय. डावी बाजू मुद्दाम आखूड ठेवलीय, हात बाहेर राहायला हवा आणि सिस्टरला नळ्या दिसायला हव्यात म्हणून. शनिवारी सकाळच्या चोपडा-जळगाव गाडीत कंडक्टरजवळ देतोय. पार्सलचं तिकीट काढूनच, नाहीतर तुम्ही रागवाल.

तुमचा,
टपरीवर रडणारा