सरपण बांधावर पिकवा, पावसाळ्याआधी वाळवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गॅसची शेगडी आली तरी खेड्यातली चूल विझलेली नाही. आंघोळीचे पाणी, भाकऱ्या, कार्याचा स्वयंपाक अजूनही जळणावरच होतो. पण जळण हेही शेतात पिकवायचे असते, हे कोणी मनावर घेत नाही. पावसाच्या तोंडावर हाताला लागेल ते झाड पाडायचे आणि त्या ओल्या लाकडाचा धूर चार महिने घरातल्या बाईने गिळायचा, हे थांबायला हवे.

ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे पाच किलो जळण चुलीत घातले तर अडीच किलो पाण्याची आधी वाफ व्हावी लागते. तेवढ्या उष्णतेत वीस लिटर पाण्याला, म्हणजे भरल्या बंबाला, उकळी आली असती. शिवाय आच मंदावते, लाकूड पुरते जळत नाही आणि धूर कोंडतो. फाट्याच्या टोकाला फेस येऊन तो चरचरला, तर जळण कच्चे आहे असे खुशाल समजावे.

बांधासाठी सर्वांत सोयीचे झाड गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी. पाल्याच्या वासामुळे मोकाट गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. फांदीपासून लावायचे तर अंगठ्याहून जाड, चार-पाच फुटी खुंट पहिल्या पावसात फूटभर खोल, एकेक मीटरवर रोवावा. मात्र खुंटाची मुळे उथळ राहतात आणि वाऱ्यात झाड कलते. बी रात्रभर भिजवून एप्रिलमध्ये पिशवीत लावलेले रोप अधिक खोल जाते. दोन वर्षांनी पहिली तोड. जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, धारदार कोयत्याने, तिरपा घाव. साल फाटली तर फुटवा नीट येत नाही. बांधाचे तीन भाग पाडून दरवर्षी एकच तोडावा, म्हणजे पुढे मनगटाएवढे जाड लाकूड मिळते. ज्या भागातून जळण घ्यायचे, तिथला पाला हिरवळीच्या खतासाठी जूनमध्ये ओरबाडू नये. दोन्ही एकाच झाडाकडून मागितले की ते खंगते. बांधावर बाभूळ असेल तर फारच छान, तिचा निखारा टिकतो. सुबाभळीच्या शेंगा मात्र वाळण्याआधीच काढाव्यात, नाहीतर शेतभर रोपे उगवतात.

तोड माघ-फाल्गुनात करावी. दीड फुटी तुकडे करून ओंडके ओले असतानाच फोडावेत. बाभूळ वाळली की कुऱ्हाडीला दाद देत नाही. लाकडातले पाणी कापलेल्या तोंडातून आणि फोडलेल्या अंगातून जाते, साल ते अडवते. म्हणून न फोडलेला ओंडका वरून कोरडा दिसला तरी आत ओलाच असतो. थप्पी दगडांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून सुटी रचावी, नाहीतर खालून वाळवी लागते. वर पत्रा, बाजू मोकळ्या. प्लास्टिकने चौफेर गुंडाळले तर आतली वाफ आतच राहून बुरशी धरते. एका फाट्यावर खूण करून तो दर आठवड्याला काट्यावर ठेवावा. वजन उतरायचे थांबले की जळण तयार. दोन ढलपे एकमेकांवर आपटले तर टणटण वाजतात, ओले बदबद.

कपाशीच्या पट्ट्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, हे हक्काचे जळण, पण तिच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते. घराशेजारी पावसाळ्यापर्यंत पऱ्हाटीचा ढीग ठेवणे म्हणजे पुढच्या हंगामाची कीड जपणे. बोंडे आधी काढून नष्ट करावीत आणि काड्या उन्हाळ्यातच संपवाव्यात. बिब्बा, कण्हेर आणि शेराचे लाकूड चुलीत घालूच नये. सुताराकडचे रंगवलेले तुकडे, प्लायवूडही नको. कायद्याचेही भान हवे. साग, खैर, आंबा, फणस, मोह, ऐन ही झाडे आपल्याच बांधावरची असली तरी 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आपल्या दैनिकामार्फत ग्रामपंचायतींना आणि रोपवाटिकांना एकच विनंती. यंदाच्या लागवडीत फळझाडांसोबत प्रत्येक शेतकऱ्याला गिरिपुष्पाची शंभर रोपे द्यावीत, आणि तीही मृग नक्षत्र लागण्याआधी.

आपला,
एक वाचक